वेड्या बाभळीखालचा प्राणायाम

मी हायस्कुलात पी.टी.चा मास्तर होतो आणि मला दमा होता. ही दोन वाक्यं एकाच माणसाबद्दल खरी असू शकतात यावर माझाच विश्वास बसत नव्हता, त्यामुळं दुसरं वाक्य मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही. नव्वदच्या आसपासची गोष्ट. फलटणजवळच्या एका गावात आमची शाळा होती. चहूकडं कालव्याचं पाणी, ऊस, आणि थंडीत कुणी पाचट पेटवलं की वाळत घातलेल्या माझ्या पांढऱ्या बनियनवर येऊन बसणारी काळी काजळी. पहाटे छातीत मांजराचं पिल्लू गुरगुरल्यासारखा आवाज यायचा. मी उठून उकळतं पाणी प्यायचो, आरशासमोर उभं राहून छाती फुगवायचो आणि गळ्यात शिट्टी अडकवून शाळेत जायचो.

त्यातून मी शिकवायचो कबड्डी. हा सगळा खेळच दमाचा. एकदा तालुक्याच्या स्पर्धेआधी हेडमास्तर मैदानावर आले असताना मला अवदसा आठवली. "एका दमात किती वेळ कबड्डी म्हणता येतं ते बघा रे," असं म्हणून मी मांडी थोपटली आणि रेषा ओलांडली. पहिली कबड्डी जोरात झाली. दुसरी बरी झाली. तिसरी कशीबशी निघाली, आणि चौथीला नुसतं "कब" बाहेर पडलं. 'ड्डी' आतच राहिलं. मी मध्यभागी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो, डावपेच असल्यासारखा. त्या दिवसापासून पोरं मला कबसर म्हणायला लागली. हेडमास्तर एवढंच म्हणाले, "जेवण करून आलात वाटतं."

मग मी गुपचूप डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी छाती तपासली, खिडकीबाहेरच्या उसाकडं बघितलं आणि म्हणाले, "इथली हवा तुम्हाला मानवत नाही. ओल आहे, धूर आहे. कोरड्या मुलखात बदली मिळाली तर बघा. आटपाडीकडं वगैरे."

आमच्या संस्थेत आटपाडीला बदली करायची ती एखाद्या मास्तरानं मोठा गुन्हा केल्यावर. मी साताऱ्याला संस्थेच्या ऑफिसात जाऊन ती मागितली तेव्हा साहेबांनी चष्मा काढला.

"मागून घेताय? आटपाडी?"

"हो."

"घरात काही भानगड?"

"नाही साहेब."

"मग?"

दमा सांगितला असता तर त्यांनी माझी शिट्टी काढून घेऊन मला भूगोल दिला असता. म्हणून मी छाती फुगवून म्हणालो, "दुष्काळी भागातल्या मुलांची सेवा करावी म्हणतो." साहेबांना भरून आलं. पुढच्या सभेत त्यांनी माझं उदाहरण दिलं म्हणे. दिवाळीनंतर लगेच मला बदली मिळाली.

घरी मात्र कुणाला भरून वगैरे आलं नाही. कारण माझ्या बायकोचं माहेर आटपाडीच्याच बाजूला. कोसभरावरून डोक्यावर पाणी आणून तिचं बालपण गेलेलं. लेकीच्या नशिबी ते नको म्हणून तिच्या वडिलांनी मुद्दाम कालव्याकाठचं स्थळ शोधलं होतं. ते स्थळ म्हणजे मी.

"आवं, बापानं मला पाण्यात दिली," ती म्हणाली, "आन् तुमी मला पुन्हा तितंच न्हेऊन सोडताय व्हय?"

"तब्येतीचा प्रश्न आहे."

"तुमच्या तब्येतीला माज्याच म्हायेरची हवा लागती?"

पण तिनं सामान बांधलं. माझी पहाटेची गुरगुर तिच्याइतकी कुणी ऐकली नव्हती.

आटपाडीत घर शोधताना मी माझी अक्कल पणाला लावली. गावात शाळेजवळ चांगली खोली मिळत होती. मी घेतली नाही. मला गावाबाहेर, माळाच्या कडेला एक घर दिसलं, आणि त्याच्या मागं मैलभर हिरवंगार बन. सगळा मुलूख करपलेला आणि मधेच हे हिरवं! मी मालकाला तिथंच हो म्हणून टाकलं.

"ती येडी बाभळ हाय," बायको म्हणाली. "हितं घर घेऊ नगा."

"झाड आहे ना? झाड म्हणजे प्राणवायू."

"काटं हायती. तुमच्या सायकलीत एक दिस हवा ऱ्हायची न्हाई."

"सायकलीतली गेली तरी चालेल, माझ्यातली राहील."

या वाक्यावर मी इतका खूश झालो की दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्येही ते म्हणून दाखवलं.

बायको सांगायची की तिच्या लहानपणी त्या माळावर ही बाभळ नव्हतीच. गवत होतं. पवन्या, मारवेल, कुसळी. पावसाळ्यानंतर त्यातून चालत आलं की परकराला एवढी कुसळं चिकटायची की आई संध्याकाळी दारातच थांबवून ती वेचून काढायची. चंडोल उभा वर जायचा आणि तिथूनच गायचा. कोल्ह्यासारखी खोकडं दिसायची. मग कधीतरी सरकारी माणसांनी बी टाकलं, शेळ्यांनी शेंगा खाऊन ते लेंड्यांतून गावभर नेलं, आणि पाहता पाहता माळ हिरवा झाला. जळणाची सोय झाली म्हणून बायकाही खूश झाल्या. तिच्या आईनंसुद्धा पहिला भारा आणला त्या दिवशी गूळ वाटला होता म्हणे. मी हे सगळं एका कानानं ऐकत होतो. दुसऱ्या कानानं मी माझ्या श्वासाचा आवाज ऐकत होतो, आणि तो येत नव्हता.

खरोखर येत नव्हता. ती थंडी माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. पहाटे उठायचो ते थेट मैदानावर पळायला. मुलांबरोबर दोन फेऱ्या मारायचो. कबड्डी म्हणायचो ती 'ड्डी'सकट. माणूस बरा झाला की गप्प बसत नाही, तसा मीही बसलो नाही. शाळेत फळ्यावर फुप्फुसाचं चित्र काढून कोरड्या हवेचे फायदे सांगितले. बाजारात माणसं अडवून खोल श्वास कसा घ्यायचा ते दाखवलं. आणि रोज पहाटे बाभळीच्या बनात सतरंजी टाकून प्राणायाम सुरू केला. एक नाकपुडी दाबायची, दुसरीनं सगळं बन आत घ्यायचं, अशी माझी कल्पना. मेंढरं चारायला आलेली माणसं थांबून बघायची.

या भरात मी साडूलाही बोलावून घेतलं. माझ्या मेव्हणीचा नवरा, सांगलीत हळदीच्या वखारीत दिवाणजी. हळदीच्या धुळीनं त्यालाही दमा लागलेला. गडी अंगानं भला मोठा, पण जिना चढला की अर्ध्यात बसायचा. "महिनाभर ये," मी त्याला सांगितलं, "आटपाडीची हवा तुला नवा करील." तो बिचारा रजा टाकून आला.

त्या वर्षी थंडी लवकर गेली. होळीला अजून बराच अवकाश होता आणि ऊन अंगाला चटके द्यायला लागलं. बायको म्हणाली, "आमच्या वक्ताला शिमग्यापातूर शेकोटी सुटत नव्हती." मला ते आवडलं होतं, कारण थंडी हीच दम्याची शत्रू असं मी मुलांना शिकवलं होतं. बाभळीला पिवळसर, बोटभर लांबीचे तुरे लागले. तेही मला आवडले. साडूला मी बनात नेऊन एक तुरा नाकाशी धरायला लावला. "बघ, किती मंद वास आहे."

त्यानं दीर्घ श्वास घेतला. मग एक शिंक दिली. मग दुसरी.

"जुना कफ सुटतोय," मी म्हणालो.

दोन-तीन दिवसांत माझाही जुना कफ सुटायला लागला. पहाटेचं मांजराचं पिल्लू परत आलं आणि यावेळी ते चांगलं थोराड झालं होतं. मी प्राणायाम वाढवला. जितका दम लागेल तितका वेळ बनात जास्त बसायचो. तरी उतार पडेना तेव्हा मी घरात गुन्हेगार शोधायला सुरुवात केली. आधी मिरचीची फोडणी बंद झाली. मग उदबत्ती. मग दारातलं मांजर शेजारी गेलं. गोधड्या उकळून झाल्या. भिंती धुऊन झाल्या. शेवटी मी बायकोला म्हणालो, "तू केसांना तेल कोणतं लावतेस?"

ती हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाली, "आता मला उकळा."

ज्या दिवशी साडूला बोलता येईनासं झालं त्या दिवशी दुपारी बायकोनंच मिरजेला न्यायला जीप आणली. मागच्या बाकावर आम्ही दोघं समोरासमोर, गुडघ्यांवर हात टेकून, खांदे उचलून बसलो. तो जाड्या आवाजात सूं करायचा, मी बारीक आवाजात. ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, "दोगंबी एकाच घरचं हाय काय?" बायको म्हणाली, "व्हय. येक आजारी हाय आन् येक डॉक्टर हाय."

मला हसू आलं, आणि हसल्यामुळं धाप इतकी वाढली की मिरज येईपर्यंत मी पुन्हा हसलो नाही. खरं सांगायचं तर वाटेत एका ठिकाणी मी घाबरलो होतो. बाहेर एवढी हवा पसरलेली आणि आपल्या वाट्याला त्यातली चमचाभरही येत नाही, हे कळतं तेव्हा माणसाला विनोद सुचत नाहीत. बायकोनं एक हात माझ्या पाठीवर आणि एक साडूच्या पाठीवर ठेवला होता. ती खिडकीबाहेर बघत होती आणि मधूनमधून स्वतःच खोकत होती.

मिरजेच्या दवाखान्यात तोंडाला वाफेचा मास्क लागला आणि संध्याकाळपर्यंत आम्ही माणसांत आलो. डॉक्टर म्हणजे तरुण बाई, बोलायला कमी. दम ओसरल्यावर काही दिवसांनी त्यांनी परत बोलावलं आणि माझ्या हातावर वेगवेगळ्या औषधांचे थेंब टाकून सुईनं टोचलं. ज्याचा त्रास असेल तिथं गांध उठते म्हणाल्या. मी हात पुढं करून बसलो. थोड्या वेळानं एका ठिकाणी अशी टम्म गांध आली की मला वाटलं मधमाशी चावली.

"घराजवळ वेडी बाभूळ आहे का?" बाईंनी विचारलं.

मी छताकडं बघितलं.

"त्येंनी घर घितलंय त्यात," बायको म्हणाली.

"म्हणजे?"

"पाटंचं उठून सतरंजी टाकून त्याच्या बुडात बसत्यात. नाकानं वडत्यात."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना हसायचं नव्हतं हे दिसत होतं, पण जमलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं की ते तुरे फुलतात तेव्हा हवेत पराग उडतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि माझ्यासारख्याच्या छातीला ते सोसत नाहीत. दुसरी गांध गाजर गवताची होती, पण लहान. तिसरी अगदी बारीक, साध्या गवताची. बाईंनी मला श्वासातून ओढायचा पंप दिला. त्याकाळी पंप लागला म्हणजे माणूस संपला असं समजायचे. मी तो कंपासपेटीत लपवून नेला. साडू दुसऱ्याच दिवशी सांगलीला गेला आणि हळदीच्या धुळीत जाऊन बरा झाला. निदान मेव्हणीनं तसाच निरोप पाठवला, आणि त्यात पुढं असंही होतं की यापुढं भाऊजींनी कुणाला औषध सांगू नये.

आम्ही गावात घर बदललं. इथं शहाणा माणूस थांबला असता. पण मी आता बाभळीचा वैरी झालो होतो. हेडमास्तरांना जाऊन म्हणालो, "मैदानामागची सगळी बाभळ काढून टाकू. तिथं गवत येऊ दे, जुन्यासारखं." हेडमास्तर तिथलेच, शांत गृहस्थ. म्हणाले, "काढा की. जमलं तर मलाही सांगा कसं काढलं ते."

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी कबड्डीचा संघ आणि मी कुऱ्हाडी, कोयते घेऊन भिडलो. मी तोंडाला उपरणं बांधून लांबून हुकूम सोडत होतो. संघ तोडत होता. गावातल्या बायका आल्या, त्यांनी तोडलेलं निम्मं लाकूड हसतमुखानं वाहून नेलं आणि उद्याही येणार का विचारलं. सुट्टीनंतर बघितलं तर प्रत्येक बुंध्यातून चार चार धुमारे फुटून आधीपेक्षा दाट झाडोरा झालेला. मग आम्ही मुळं खणली. त्यात बाकीचं वर्ष गेलं. कबड्डीचा संघ तालुक्यात हरला, पण आमच्या पोरांइतके मजबूत दंड दुसऱ्या कुठल्याच शाळेत नव्हते.

शेवटी एक तुकडा मोकळा झाला. आणि त्या पौषात, कधी नव्हे तो, सलग पाऊस पडला. शाळू ज्वारीचं नुकसान झालं. माझ्या मोकळ्या तुकड्यावर मात्र हिरवी लव आली. मी बायकोला धावत दाखवायला नेलं. "बघ, तुझं गवत!"

तिनं वाकून एक रोप उपटलं. "गाजर गवत हाय. ह्ये दिवाळीनंतर वाळतंय. आवंदा पावसानं पुन्हा उठलं."

ते उन्हाळ्यापर्यंत पांढऱ्या फुलांनी भरून गेलं आणि मी पुन्हा मिरजेला गेलो. यावेळी जीप लागली नाही, एसटीत बसता आलं, एवढीच माझी प्रगती.

बायकोही सोबत आली होती. मी डॉक्टरबाईंना माझं सगळं सांगत बसलो. पाऊस कसा अवेळी आला, बाभळीचा फुलोरा कसा मागंपुढं झाला, गाजर गवत कसं दोनदा उगवलं. माझ्या मते मी फार महत्त्वाचं काहीतरी सांगत होतो. बाई ऐकत होत्या, पण त्यांचं लक्ष माझ्या मागं होतं. बायको पदर तोंडाशी धरून खोकत होती.

"तुम्ही इकडं बसा," बाई तिला म्हणाल्या. "किती दिवस खोकताय?"

"न्हाई ओ, त्ये असंच असतंय."

"किती दिवस?"

बायकोनं जरा विचार केला. "आटपाडीला आल्यापास्नं असंल. पन घरात ह्येंचा दमा असतोय न्हवं, माज्या खोकल्याला जागा कुटं?"

बाईंनी तिच्या पाठीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. एका जागी ऐकलं, मग खाली, मग परत वर. त्यांनी विचारलं, स्वयंपाक कशावर. रेशनचं रॉकेल पुरत नव्हतं, त्यामुळं सकाळ-संध्याकाळ चूल. जळण कसलं? वेड्या बाभळीचं. तेच मिळायचं, आणि आता तर आम्हीच तोडून ढीग लावला होता. घरामागं आढ्याला टेकेल एवढा. खिडकी बारीक, तीही मी पराग येतात म्हणून बंद करून टाकलेली.

बाईंनी आम्हा दोघांची फुंकायची परीक्षा घेतली. एका नळीत जोरात फुंकायचं, काटा किती वर जातो ते बघायचं. माझा काटा जेमतेम निम्म्यापर्यंत गेला. तिचा माझ्यापेक्षाही खाली थांबला. ती परत फुंकायला गेली आणि बाईंनी हलकेच नळी काढून घेतली.

"हे हवेनं होत नाही," मला म्हणाल्या, "घरातल्या धुरानं होतं. चूल बंद करा. आजपासून."

परत येताना एसटीत मी एकही सिद्धांत मांडला नाही. बायकोला वाटलं मला पुन्हा धाप लागलीय. तिनं माझ्या शर्टाच्या खिशात पंप आहे का ते चाचपून बघितलं.

गॅसला त्या दिवसांत नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. मी आयुष्यात पहिल्यांदा साडूपुढं हात जोडले. त्यानं वखारीच्या मालकाकडून ओळख काढली आणि एक दिवस स्वतःच सिलिंडर ट्रकमध्ये घालून, त्याच्यावर बसून आला. "तुझ्या सल्ल्यानं आलो नाही," दारातच म्हणाला, "माझ्या मेव्हणीसाठी आलोय." आणि आल्याआल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

गॅसवरची पहिली भाकरी नीट फुगली नाही. बायको म्हणाली, रबरावानी झालीया. आम्ही तिघांनी ती खाल्ली. महिन्या-दोन महिन्यांत तिचा खोकला उतरला, पूर्ण गेला नाही. पावसाळ्यात आजही उठतो. मग मी विचारतो, आणि ती "असंच असतंय" म्हणते, आणि मी तिला घेऊन डॉक्टरकडं जातो.

मैदानामागच्या त्या तुकड्याला हेडमास्तरांनी दगडी गडगा घातला आणि शेळ्या आत येऊ दिल्या नाहीत. गाजर गवत मुलं फुलं यायच्या आधी उपटायची, हाताला पिशव्या बांधून. दोन-तीन पावसाळ्यांनंतर एका कोपऱ्यात, बैलगाडी मावेल एवढ्या जागेत, खरं गवत आलं. बायकोनं ते बघून "मारवेल हाय" म्हटल्यावर मी बिनधास्त आत जाऊन बसलो, ओंजळीत धरलं, नाक खुपसलं, आणि लागोपाठ शिंका द्यायला लागलो. तिसरी बारीक गांध मी विसरलो होतो.

बायको गडग्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसता हसता तिला खोकला आला नाही, हे माझ्या जरा वेळानं लक्षात आलं. मी शिंकतच तिच्याशेजारी जाऊन बसलो.